जुना सा, नवा नी

पेटीवाला गायकाला पहिला प्रश्न विचारतो तो रागाचा नसतो, तालाचाही नसतो. तो विचारतो, "पट्टी कोणती?" गायक म्हणतो, "काळी एक." संपलं. त्या क्षणापासून मैफल उठेपर्यंत काळी एक हा त्या घराचा उंबरठा. तानपुरे त्यावर मिळवायचे, तबला त्यावर चढवायचा. गायक तीन सप्तकांत हिंडून येईल, पण परत येईल तो त्याच उंबरठ्यावर. मधेच कुणी म्हणालं, "आता उरलेला अंतरा पांढरी दोनमध्ये घेऊ या," तर तबलजी हातातली हातोडी तबल्यावर न मारता त्याच्यावरच उगारील.

चर्चमधला पियानोवाला मात्र नेमकं हेच करतो. गीताची तीन कडवी एका पट्टीत होतात. मग पियानो एकटाच दोन-चार मात्रा काहीतरी वाजवतो, वळण घेतो, आणि चौथं कडवं अर्ध्या किंवा एका स्वराने वर सुरू होतं. चाल तीच, शब्दांचं वजन तेच, पण सगळी मंडळी एक पायरी वर चढलेली असते. गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना काय झालं हे सांगता येणार नाही. छातीत काहीतरी उघडलं एवढंच कळतं.

मी मुसलमान, कविता मराठीत लिहितो आणि बोलतोय चर्चमधल्या पियानोवर. तेव्हा "तुमचा काय संबंध?" असं तुमच्या मनात येणं रास्त आहे. संबंध कानाचा आहे. माझं लहानपण गेलं अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. त्या शहरात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून. नारायण वामन टिळक तिथेच राहिले, तिथेच लिहीत राहिले. त्यामुळे आमच्या कानावर अजानही होती, हरिपाठही होता आणि रविवारी सकाळची उपासनाही. कान काही जात विचारून ऐकत नाही. पुढे पुण्यात चर्चमध्ये अनेक वर्षं पियानो वाजवणारे एक स्नेही भेटले. मी त्यांना मास्तर म्हणतो, ते मला "कवी" म्हणतात. लहानपणी जे नुसतं ऐकलं होतं ते कसं घडतं, हे त्यांनी मला पियानोशेजारी बसवून दाखवलं. पुढे जे सांगतो त्यातलं पुष्कळसं त्यांचं आहे.

आधी हे सांगायला हवं की ही गरज पडते का. चर्चमधलं गीत म्हणजे चार-पाच कडवी आणि प्रत्येक कडव्याला तीच चाल. आपल्या आरतीसारखं. गाणारे लोक शिकलेले गवई नाहीत. त्यात आजीबाई आहेत, शाळकरी पोरं आहेत, रात्रपाळी करून आलेला कामगार आहे. चाल सोपी हवी आणि बदलताही कामा नये. पण तिसऱ्या कडव्यापर्यंत ती शिळी होते, जांभई येते. आपल्याकडे अशा वेळी काय करतात? लय वाढवतात. भजन ठायीत सुरू होतं आणि शेवटी टाळ नुसते कोसळत असतात. तिकडे लय साधारण तीच राहते, आणि जे आपण लयीने साधतो ते स्वराच्या उंचीने साधतात.

आणि तसं पाहिलं तर शेवटी काहीतरी बदलावं ही ओढ आपल्याला परकी नाही. संस्कृत महाकाव्यात सर्गाच्या शेवटी वृत्त बदलण्याचा संकेत आहे. 'कुमारसंभवा'चा पहिला सर्ग उपजातीत चालत येतो आणि शेवटच्या श्लोकाला मालिनी होतो. बी.ए.ला हे शिकलो तेव्हा ते नुसतं परीक्षेपुरतं वाटलं होतं. मास्तरांच्या पियानोशेजारी बसल्यावर मालिनी कशासाठी ते कळलं. अजानमध्येही तेच वाक्य दुसऱ्यांदा येतं तेव्हा मुअज्जिन ते लांबवतो, बहुधा थोडं वर नेतो. माणसाच्या गळ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

आता मूळ कारागिरी. समजा गीत पांढरी एकमध्ये चाललंय आणि पुढचं कडवं पांढरी दोनमध्ये, म्हणजे एक पूर्ण स्वर वर न्यायचंय. नुसती उडी मारली तर मंडळी बुचकळ्यात पडेल; निम्मे जुन्या पट्टीत गातील, निम्मे नव्या. म्हणून मधे पूल बांधतात. नव्या सा चा पंचम घ्यायचा आणि त्यावर चार स्वरांची कॉर्ड उभी करायची: प, नी, रे आणि वरचा म. ही कॉर्ड वाजली की कान आपोआप सा मागतो, जसा गझलेचा शेर काफियापाशी आला की ऐकणारा रदीफ आधीच ओठांवर घेऊन बसतो. आता याच चार स्वरांकडे जुन्या पट्टीतून पाहा. तिथून ते आहेत ध, कोमल रे, ग आणि प. म्हणजे चारांतले तीन ओळखीचे, घरचेच. पाहुणा एकच, कोमल रे. तोच नव्या पट्टीचा शुद्ध निषाद. एका पाहुण्याच्या हाताला धरून अख्खं घर दुसऱ्या जागी जातं.

अर्ध्या स्वराची पायरी याहून गमतीची आहे. पांढरी एकवरून काळी एक. पेटीवर या दोन पट्ट्या अगदी शेजारी, बोट सरकवलं की झालं. पण कानाला हा प्रवास फार लांबचा. पांढरी एकवरून पांढरी पाचला गेलं तर सातांतले सहा स्वर सामाईक राहतात. पांढरी दोनला पाच. आणि शेजारच्या काळी एकला गेलं तर फक्त दोन! हाताला जे सगळ्यांत जवळ, ते कानाला सगळ्यांत दूरच्यांपैकी एक. तिथे पूल बांधायला घेतलेल्या कॉर्डचे चार स्वर जुन्या पट्टीतून पाहिले तर कोमल ध, सा, कोमल ग आणि तीव्र म असे येतात. तीन परके, ओळखीचा एकटा सा. आणि तो सा तिथे काय म्हणून उभा आहे? नव्या पट्टीचा नी म्हणून. तीन कडवी जो स्वर विसाव्याचा होता, जिथे येऊन सगळे थांबत होते, तोच आता अस्वस्थ होतो; त्याला अर्धी पायरी वर सरकल्याशिवाय चैन पडत नाही. मास्तरांनी हे पहिल्यांदा वाजवून दाखवलं तेव्हा मी त्यांना तीन वेळा पुन्हा वाजवायला लावलं. मी आयुष्यभर शब्दांचा अर्थ बदलण्यासाठी शेजारचे शब्द बदलत आलोय. स्वराचाही अर्थ शेजाऱ्यांवरच ठरतो, हे बोटांनी दाखवलेलं प्रथमच पाहत होतो.

तिसरी एक हळुवार तऱ्हा आहे. कडव्याचा शेवटचा सा धरून ठेवायचा, आणि त्याच्याखालची कॉर्ड बदलायची. असं केलं की तोच सा एखाद्या दुसऱ्या पट्टीचा ग होतो, किंवा प होतो. आवाज तिथेच, जमीन सरकलेली. हिच्यात जल्लोष नाही. प्रार्थनेच्या आधी, लोक डोळे मिटण्याच्या बेतात असतात तेव्हा ती चांगली वाटते.

इथे आपल्या संगीताचे जाणकार म्हणतील, आमच्याकडे मूर्च्छना आहेच की. आहे, पण ती बरोबर उलटी आहे. भूपाचे पाच स्वर घ्या, सा रे ग प ध. तेच स्वर ठेवून रे ला सा माना, मधमाद सारंग दिसतो. ग ला सा माना, मालकंस. प ला सा माना, दुर्गा. म्हणजे आपण स्वर तेच ठेवतो, सा हलवतो आणि चालीचा चेहरा पालटतो. चर्चमधला पियानो चाल तीच ठेवतो आणि तिच्याखालचे स्वरच उचलून दुसरीकडे नेतो. योगायोग असा की 'अमेझिंग ग्रेस' या जगभर गाइल्या जाणाऱ्या गीताची चाल याच पाच स्वरांत आहे. शब्द जॉन न्यूटनचे, १७७९ साली छापलेले. हा न्यूटन आधी गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. आज जी चाल आपण ऐकतो ती त्या शब्दांना १८३५ साली अमेरिकेत जोडली गेली. शेवटच्या कडव्याआधी पट्टी चढवण्याचा मान या गीताला फार वेळा मिळतो. पाचच स्वर असल्यामुळे चाल मोकळी, हवेशीर आहे. पट्टी चढली की ती भरून येते.

हे सगळं पियानोला जमतं याचं कारण मात्र एका तडजोडीत आहे. षड्ज-पंचम भावाने, म्हणजे नैसर्गिक पंचमामागून पंचम घेत बारा वेळा वर गेलं, तर आपण पुन्हा सा वर यायला हवं. पण येत नाही. किंचित वर जाऊन पडतो. हा किंचित कुठे लपवायचा यावर युरोपातल्या वाद्य जुळवणाऱ्यांनी शतकं घालवली. जुन्या ऑर्गनवर तो एका कोपऱ्यात साठवून ठेवत. त्या कोपऱ्यातल्या स्वरजोडीला 'लांडगा' म्हणत, कारण ती वाजली की विव्हळल्यासारखी वाटे. त्यामुळे कितीतरी पट्ट्या वापरताच येत नसत. बाखने १७२२ साली सगळ्या चोवीस पट्ट्यांत रचना करून दाखवल्या, तरीही इंग्लंडमधल्या पुष्कळ चर्चमधले ऑर्गन १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत जुन्याच जुळणीचे होते. आजच्या पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. प्रत्येक पायरीला कंपनसंख्या सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. कुठलीच पट्टी पूर्ण शुद्ध नाही, म्हणून कुठेही जाता येतं. पंचम जवळजवळ बरोबर, पण गंधार नैसर्गिकापेक्षा चढा. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला तो बोचतो. आपली पेटीही त्याच जुळणीची. ज्या आकाशवाणीवरून मी हे बोलतोय तिथे याच कारणासाठी, आणि पेटीवर मींड निघत नाही म्हणूनही, १९४० साली पेटीला बंदी झाली. ती १९७१ मध्ये उठली. जी गोष्ट रागाला अडचण, तीच पट्टी बदलणाऱ्याला परवाना.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये हा परवाना जितका वापरला गेला तितका कुठेच नाही. तिथे पियानोवाला पाळकाच्या बोलण्याच्या मागे मागे वाजवत असतो. मंडळी भरात आली की एकच ओळ पुन्हा पुन्हा, आणि दर काही फेऱ्यांनी अर्धा स्वर वर, पुन्हा अर्धा स्वर वर. या संगीताला गॉस्पेल म्हणतात. त्याचे जनक मानले जाणारे थॉमस डॉर्सी हे आधी ब्लूज वाजवणारे पियानोवादक. 'जॉर्जिया टॉम' या नावाने ओळखले जायचे. १९३२ साली त्यांची पत्नी बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात त्यांनी 'प्रेशस लॉर्ड, टेक माय हँड' हे गीत रचलं. मार्टिन ल्यूथर किंग यांचं हे आवडतं गीत, आणि १९६८ साली त्यांच्या अंत्यविधीत महेलिया जॅक्सन यांनी तेच गायलं. गुलामीची पिढीजात आठवण असलेली माणसं उभी राहून एकेक पायरी वर चढतात, तेव्हा ती नुसती सांगीतिक क्लृप्ती राहत नाही.

पण क्लृप्ती म्हणून तिचा वापर बेसुमार झाला हेही खरं. पॉप गाण्यांनी ती इतकी घासली की तिकडे तिला कुचेष्टेने 'ट्रकवाल्याचा गिअर' म्हणतात. गाडीचा दम संपला, घातला गिअर. खंबाटकी घाटात ज्यांनी रात्री एस.टी.च्या मागच्या बाकावर प्रवास केलाय त्यांना जास्त सांगायला नको.

चर्चमध्ये याची किंमत मोठी असते, कारण तिथे गाणारे व्यासपीठावर नसतात, बाकांवर असतात. मास्तरांचं वाक्य आहे, "कवी, पट्टी चढवणं सोपं आहे हो. माणसं बरोबर चढली पाहिजेत." सामान्य माणसाचा गळा फार वर जात नाही. म्हणून गीतपुस्तकांत चालीचा सर्वांत उंच स्वर तार सप्तकातल्या पांढरी दोन किंवा काळी दोनच्या आसपास ठेवण्याची रीत आहे. 'होली, होली, होली' हे गीत घ्या. ते लिहिणारे रेजिनाल्ड हीबर हे कलकत्त्याचे बिशप. पुण्यातल्या सेंट मेरीज चर्चचं समर्पण १८२५ साली त्यांच्याच हस्ते झालं, आणि पुढच्याच वर्षी त्रिचनापल्लीला ते वारले. जॉन डाइक्स यांची चाल आली १८६१ साली. ती पहिल्याच ओळीत सा वरून ग, ग वरून प अशी जिना चढते आणि पुढे तार सा ला टेकते. जुन्या पुस्तकांत ती पांढरी तीनमध्ये आहे. पुढे अनेकांनी ती पांढरी दोनमध्ये उतरवली. मास्तर म्हणतात, ही उतरवलेली पट्टी म्हणजे शिलकीत ठेवलेले पैसे. तीन कडवी खाली गा, मग शेवटचं काळी दोनमध्ये घ्या. तार सा तिथेही लोकांच्या हाती लागतो. पण मुळातच उंच पट्टीतलं गीत आणखी चढवलं की आधी म्हातारी माणसं गप्प होतात, मग पुरुष एक सप्तक खाली उतरतात, आणि उरतो तो फक्त गायकवृंद.

एका मोठ्या शहरातल्या चर्चमध्ये हे मी डोळ्यांनी पाहिलं. तरुण वादक बोटांनी फार तयार होता. एकाच गीतात त्याने तीनदा पट्टी चढवली. तिसऱ्या वेळी माझ्या पुढच्या बाकावरच्या बाईंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. त्या ऐकत होत्या, छान वाजतंय असंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण त्या गायला आल्या होत्या.

आणखीही व्यावहारिक भानगडी आहेत. गायकवृंदातले लोक छापील नोटेशन पाहून चार वेगवेगळ्या ओळी गातात. पट्टी बदलली की हातातलं पुस्तक खोटं ठरतं. म्हणून शेवटचं कडवं सगळ्यांनी एकच चाल धरून गायचं असं आधी ठरवावं लागतं. पुलावर श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते. नव्या पंचमाच्या कॉर्डवर लय किंचित सैल करून थांबायचं, म्हणजे लोकांना नवा सा आतून ऐकू येतो. आता विजेच्या कीबोर्डवर पट्टी बदलायचं बटणच असतं. दाबलं की झालं. त्यात पूल नाही, नुसती उडी, आणि मास्तर त्या बटणाकडे असे पाहतात जसे आमचे जुने खुशनवीस संगणकावरच्या नस्तालीककडे पाहायचे.

आणि मराठी मंडळीत तर एक अडचण खास आपलीच आहे. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात दोन कुळांची गाणी शेजारी शेजारी नांदतात. एक, इंग्रजी चालींवर बेतलेली. दुसरी, टिळक आणि त्यांच्या परंपरेतली भजनं, अभंगाच्या, ओवीच्या, रागांच्या चालींची, पेटी-तबल्यावर गायची. पहिल्या कुळाला पियानो पट्टी बदलून सजवू शकतो. दुसऱ्याला तसं करायला गेलं तर आधी तबला बेसूर होतो, कारण तो एकाच सा ला लावलेला आहे. पण तबला काढून टाकला तरी माझं मन ते मानत नाही. अभंगाची चाल सा भोवती फिरते, देवळाभोवती प्रदक्षिणा घालावी तशी. तिथे देऊळच हलवलं तर प्रदक्षिणा कशाची घालायची? काही तरुण वादक आता भजनांनाही पियानोचे साज चढवू लागलेत आणि कडव्यागणिक पट्टी बदलू पाहतात. त्यांचा उत्साह मला आवडतो. तरी टिळकांच्या भजनाला लय वाढवू द्यावी, पट्टी नको, या बाबतीत मी मास्तरांपेक्षाही जुन्या मताचा आहे.

काही गीतं अशीही आहेत की इंग्रजी कुळातली असून त्यांना हात लावू नये. हेन्री लाइट यांचं १८४७ सालचं 'अबाइड विथ मी' हे त्यांतलं एक. विल्यम मंक यांची चाल १८६१ची. गांधीजींच्या आवडीचं म्हणून दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये ते वर्षानुवर्षं वाजत असे. २०२२ साली ते कार्यक्रमातून वगळलं गेलं. दिवस मावळतोय, सोबत राहा, असं मागणं मागणारं हे गीत. ते चढवायचं कुठे? एका अंत्यविधीला घरच्यांनी मास्तरांना सांगितलं होतं, शेवटचं कडवं जरा भव्य होऊ द्या. मास्तरांनी मान डोलावली आणि शेवटच्या कडव्याला पट्टी तीच ठेवून डावा हात हलका करत नेला, इतका की लोकांना आपलाच आवाज ऐकू यावा. पुढच्या बाकावर त्या घरची आजी होती. तिचा तार सप्तकात लागणारा आवाज नव्हता, पण ती शेवटपर्यंत गात होती.

एक गोष्ट मी त्यांना मुद्दाम विचारली होती. युरोपीय शास्त्रीय रचना कितीही पट्ट्या फिरली तरी शेवटी बहुधा मूळ घरी येते. मग चर्चमधलं गीत वर चढून तिथेच संपतं, ते परत कधी उतरतं? मास्तर हसले. "उतरावंच लागतं. पुढचं गीत पुन्हा खालीच असतं ना." तो उतरता पूल ते वाजवतात तेव्हा मंडळी खाली बसत असते, बाक करकरत असतात, कुणी पोराला दटावत असतं, दानाची पिशवी रांगेतून फिरू लागलेली असते. त्या गडबडीत, डाव्या पायाने पेडल धरून अगदी हलक्या हाताने ते जुन्या सा वर येतात. तिकडे कुणाचं लक्ष नसतं.